ऐंशीवर अडलेला काटा

एकदा एक टाकी खोटं बोलू लागली. पाण्याचीच टाकी, टेकडीच्या माथ्यावर बसलेली आणि खालच्या सबंध गावाची तहान भागवणारी. आता सिमेंटच्या टाकीला कुठली आली वाचा, असं तुम्ही म्हणाल, आणि तसं म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पण हिला होती. तिच्या बुडाशी एक यंत्र बसवलं होतं, त्याला ट्रान्समीटर म्हणतात. टाकीत पाणी किती, हे ते जोखायचं आणि दोन तारांमधून बारीकसा विद्युतप्रवाह खाली जलकेंद्रात पाठवायचं. पाणी थोडं तर करंट थोडा, पाणी जास्त तर करंट जास्त. त्या करंटवर खालच्या मीटरचा काटा हलायचा आणि शून्यापासून शंभरपर्यंत योग्य त्या आकड्यावर स्थिर व्हायचा. काटा पन्नासावर म्हणजे टाकी अर्धी. इतका सरळ व्यवहार होता.

तर ही टाकी ऐंशीपर्यंत खरं बोलायची. त्यापुढे जी गप्प व्हायची ती व्हायचीच. पाणी काठाला लागो की काठावरून वाहो, खालचा काटा आपला ऐंशीवर ढिम्म. टाकीत अजून जागा आहे असं समजून पंप चालू राहत, टाकी ओसंडे, आणि टेकडीवरून आलेला लोंढा पायथ्याच्या घरांच्या अंगणात चिखल करून जाई. मग तिथले लोक जलकेंद्राच्या दारात येऊन शिव्यांची लाखोली वाहत.

ही लाखोली कौस्तुभच्या वाट्याला येई, कारण केंद्रातल्या सगळ्या मोजमापाच्या यंत्रांचा अभियंता तो. तिशीतला, कामसू, जरा मनाला लावून घेणारा. त्याने तो ट्रान्समीटर खाली आणला, टेबलावर एक मीटर जोडून तपासला. शून्य म्हणता शून्य, शंभर म्हणता शंभर. वर नेऊन बसवला, पुन्हा ऐंशीवर अडला. नवा मागवला. तोही टेबलावर राजा हरिश्चंद्र आणि टेकडीवर गेला की ये रे माझ्या मागल्या. कौस्तुभ अगदी टेकीला आला.

खरं सांगायचं तर त्याचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. त्याची बायको मानसी डोहाळजेवण झाल्यावर रीतीप्रमाणे बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. तिथे आठव्या महिन्यातच मुलगी झाली, ती श्वास न घेता. कौस्तुभ धावत गेला, थोडे दिवस राहिला, आणि नोकरीपायी परत आला. अंगात जोर आला की मानसी येईल, असं सगळेच म्हणत होते. हे झालं वैशाखात. आता नवरात्र तोंडावर आलं, तरी ती तिथेच होती.

घर त्याला खायला उठत असे. मानसीला कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजायची सवय. ती भाजी चिरता चिरता बोलायची, केस विंचरता विंचरता बोलायची, आणि कौस्तुभ पेपरात तोंड घालून नुसतं हं हं करू लागला की, "काय म्हणाले मी? सांग बघू," अशी उलटतपासणी घ्यायची. तेव्हा त्याला तिचा वैताग यायचा. आता शिट्ट्या मोजायला कोणी नव्हतं आणि वरण रोज करपत होतं. करपलेल्या वरणाचा घास घेताना त्याला तो आवाज हवा असायचा, उलटतपासणीसकट हवा असायचा. माणसाला काय हवं होतं ते असं मागाहून कळतं, आणि कळून तरी काय करता?

रोज संध्याकाळी तो फोन करी. फोन सासूबाई उचलत. "कौस्तुभराव का? थांबा हं, देते. सगळे इथेच आहोत." मग फोन टीपॉयवर ठेवला जाई, स्पीकर चालू होई, आणि भोवताली सासूबाई, सासरे, मेहुणा, मेहुण्याची बायको म्हणजे वहिनी, आणि बहुधा शेजारच्या मावशीसुद्धा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोरीला एकटं सोडू नका. ती बिचारी माणसं हे अक्षरशः पाळत होती. त्या सगळ्यांच्या मधून मानसीचा आवाज येई.

"अहो, जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"हो."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

लग्नाच्या आधीपासून त्याला अरे-तुरे करणारी मानसी त्याला अहो म्हणत होती. माणसांत तशी पद्धत असते, हे त्यालाही कळत होतं. पण ते अहो कानावर पडलं की आपण कोणी परका पाहुणा आहोत असं त्याला वाटायचं. बरी आहे, याच्यापुढे ती जात नसे. मग सासरे पाणीपुरवठ्याची चौकशी करत, वहिनी आज काय केलं होतं ते सांगत, आणि फोन संपे.

कौस्तुभने मनाशी धरलं की तिचं मन आपल्यावरून उडालं. कदाचित ती आपल्यालाच दोष देत असेल. त्याची आई गावाहून फोनवर म्हणे, "अरे बाबा, हे किती दिवस चालायचं? एकदा सरळ विचारून टाक, येणार आहेस की नाही. सोक्षमोक्ष लागू दे." त्याला ते पटत चाललं होतं. अखेर एका दिवशी त्याने ठरवलं की आज संध्याकाळी विचारायचं, सगळ्यांसमक्ष, आणि जे असेल ते ऐकायचं.

नेमके त्याच दिवशी टेंबे सर आले.

टेंबे सरांनी तंत्रनिकेतनात पिढ्यान् पिढ्या मुलांना मोजमापाचं शास्त्र शिकवलेलं. कौस्तुभ त्यांचा आवडता विद्यार्थी. आता निवृत्त झाले होते, पंच्याहत्तरी ओलांडली होती, पण कौस्तुभचा निरोप गेल्यावर एसटीने आले. खिशात एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर, हातात पाण्याची बाटली, बाकी लवाजमा शून्य. कौस्तुभने टेकडीवर जायला जीप तयार ठेवली होती.

"वर कशाला?" सर म्हणाले. "वरचं यंत्र तू तपासलंस, बदललंस. त्याच्या मागे लागून झालं. ती तार खाली आल्यावर कुठून कुठे जाते ते दाखव मला."

मग गुरु-शिष्य तारेच्या पाठोपाठ इमारतीत फिरले. तार आधी पंपघरात येई. तिथला मीटर सर्वात जुना. तिथून ती शुद्धीकरण कक्षात जाई, तिथेही एक मीटर. पुढे मुख्य साहेबांच्या केबिनमध्ये. त्यांना बसल्या जागी टाकी दिसायला हवी होती. साहेबांच्या भिंतीवर मीटर लागला म्हटल्यावर उपसाहेबांना कमीपणा वाटला, म्हणून त्यांच्याही भिंतीवर लागला. शेवटी ती स्वागतकक्षात पोचे. तिथे रेल्वे स्टेशनच्या घड्याळाएवढा गोल मीटर होता, पाहुण्यांनी पाहावा म्हणून मुद्दाम मागवलेला. तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला खुद्द कौस्तुभने बसवला होता. सगळे मीटर एकाच तारेत, एकापाठोपाठ एक. तारेतला करंट सगळीकडे सारखाच असतो, मग आणखी एक मीटर लावला तर बिघडलं कुठे, असा त्याचा हिशेब. आणि बिघडलंही नव्हतं काही. उन्हाळाभर टाकी कधी धड भरलीच नाही, त्यामुळे काटा ऐंशीच्या वर जायची वेळच आली नाही.

स्वागतकक्षातल्या बाकावर सर त्या मोठ्या मीटरखाली बसले आणि त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत म्हणाले, "मानसी कशी आहे?"

"बरी आहे म्हणते."

"आणि पुढे?"

"पुढे काही म्हणतच नाही, सर. रोज फोन करतो. घरातले सगळे बोलतात, सगळे सांगतात की ती बरी आहे. तीही तेच म्हणते." कौस्तुभने कप हातात नुसता धरून ठेवला. "मला तिची फार आठवण येते हो. पण तिला येते की नाही, कळायला मार्ग नाही. आज विचारून टाकणार आहे, येणार की नाही म्हणून."

सरांनी चहा संपवला, बशी कपाखाली ठेवली आणि म्हणाले, "एक बोटभर तार दे."

कौस्तुभने तार दिली. सर बाकावर चढले, म्हणजे कौस्तुभने त्यांना धरून चढवलं, आणि त्या मोठ्या मीटरची मागची दोन टोकं त्यांनी तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडून टाकली. करंटला मीटरला वगळून जायची वाट मिळाली, आणि काटा शून्याखाली जाऊन झोपला. सर उतरले आणि तडक उपसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले. तिथेही तेच. मग मुख्य साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब खुर्चीतून उठलेच.

"सर, तुम्ही बिघाड शोधायला आला आहात ना? हा तर चालू मीटर आहे."

"चालू आहे म्हणूनच बंद करतोय," सर म्हणाले, आणि केलाही.

कौस्तुभला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाला आपण एवढं सांगून आणलं, तो चांगलं चालणारं एकेक यंत्र बंद पाडत सुटला आहे, आणि आपण मागून तारेचे तुकडे पुरवतो आहोत. शुद्धीकरण कक्षातला मीटरही झोपला. शेवटी दोघं पंपघरात आले. तिथला जुना मीटर तेवढा उरला होता. कौस्तुभने वर पाहिलं.

काटा शंभरावर उभा होता.

त्याने टेकडीवरच्या राखणदाराला फोन लावला. राखणदार म्हणाला की टाकी काठोकाठ भरली आहे, पंप बंद करा, आत्ता वाहायला लागेल. कौस्तुभने पंप बंद केला आणि तिथल्याच स्टुलावर बसला.

सर त्याच्याजवळ उभे राहिले. "हे तू परीक्षेत लिहिलं होतंस, आणि मी चांगले मार्क दिले होते," ते म्हणाले. "बघ, वरचं यंत्र करंट ढकलतं. वाटेत जो जो मीटर येतो, त्याच्या पोटात थोडा रेझिस्टन्स असतो. तो ओलांडायला यंत्राला थोडा जोर खर्च करावा लागतो. तो त्याच्यावरचा लोड. मीटर जितके, तितका लोड जास्त. पण त्याच्यापाशी जोर असतो ठरलेला. मागून जेवढं व्होल्टेज मिळतं तेवढाच. पाणी कमी असतं तेव्हा करंट बारीक असतो, सगळ्या मीटरांतून निभावून जातो. तिथपर्यंत सगळं खरं. टाकी भरून येते तेव्हा मोठा करंट पाठवायचा असतो, आणि नेमका तेव्हाच एकेक मीटर जास्त जोर मागतो. मग याचा जोर संपतो. तो खोटं बोलत नव्हता रे. सांगायचं खूप होतं आणि तेवढं सांगायची ताकद उरली नव्हती."

"पण सर, सगळे मीटर एकच आकडा दाखवत होते. म्हणून मला वाटलं की..."

"दाखवणारच. सगळे एकाच तारेला कान लावून बसलेले. पाचही जण ऐंशी म्हणाले, म्हणून काय टाकी ऐंशीच भरली होती?"

कौस्तुभ म्हणाला, "म्हणजे चूक त्या मीटरांची."

"त्यांची कशाने? टाकीची काळजी म्हणूनच लावलेत ना सगळे? एकेकटा घेतलास तर प्रत्येक जण चांगला आहे."

"मग आता सगळेच काढून टाकू का? हाही?"

"वेडा आहेस. हा काढलास तर करंट वाहील खरा, पण वाचणार कोण? यंत्राचं म्हणणं कळायचं तर वाटेत लोड हवाच. एकाने तो व्हायला हवं. बाकीच्यांना बघायचंच असेल, तर इथून वेगळी तार काढून त्यांना वेगळ्या जोरावर दे. टाकीच्या जिवावर नको."

साहेबांची समजूत घालून, दुपारचं जेवण करून सर निघाले. कौस्तुभ त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. एसटी यायला अवकाश होता. सर बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "टेबलावर तपासलंस तेव्हा यंत्र शंभरापर्यंत बोललं म्हणालास. तेव्हा ऐकायला मीटर किती होते?"

"एकच."

"आणि फोनवर, रे?"

एवढं बोलून ते रस्त्याकडे पाहू लागले. एसटी आली, सर चढले, खिडकीतून हात हलवून गेले. कौस्तुभ फाटकाशी तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर तो टीपॉय येत होता, आणि त्याच्याभोवती गोल बसलेली ती सगळी भली माणसं.

त्या संध्याकाळी त्याने फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो मानसीच्या माहेरी गेला.

अचानक जावई दारात म्हटल्यावर तिथे धांदल उडाली. सासूबाईंनी पाणी आणलं, सासऱ्यांनी प्रवासाची विचारपूस केली, मेहुणा पेढे आणायला धावला. मानसी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती. वाळली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, कळवायचं तरी." आणि लगेच आत गेली. दिवसभर ती डोळ्यांसमोर होती, पण कधी सासूबाईंच्या पलीकडे, कधी वहिनींच्या अलीकडे. सगळे कौस्तुभला सांगत होते की आता ती बरी आहे, हसते, जेवते. तीही मान हलवत होती.

उन्हं कलल्यावर तो उठला. "आई, आम्ही दोघं जरा ओढ्यापर्यंत पायी जाऊन येतो."

"हो हो, जा की," सासूबाई म्हणाल्या, आणि वहिनींनी लगबगीने चपला पायात सरकवल्या. "चला, मी येते सोबतीला. रस्ता खडबडीत आहे, वन्संना त्रास नको."

जावयाने असं बोलणं बरं दिसत नाही, हे कौस्तुभला ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही तिला फार जपलंत. पण आज आम्ही दोघंच जातो."

वहिनींचा चेहरा उतरला. सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. "राहू दे गं," त्या सुनेला म्हणाल्या. "चपला काढ. आपण निवडायला बसू."

ओढ्याकडची वाट शेताच्या बांधाबांधाने जात होती. कौस्तुभच्या जिभेवर तो प्रश्न होताच, येणार की नाही. त्याने तो गिळला. आणखी एक लोड कशाला, असं त्याच्या मनात आलं. तो नुसता चालत राहिला. मानसी हळूहळू बोलू लागली. वहिनींनी काल घारगे केले होते. बाबांचा गुडघा दुखतो. शेजारच्या मावशी रोज दृष्ट काढतात. कौस्तुभ हं म्हणत होता, आणि या वेळी एकेक शब्द ऐकत होता.

ओढ्याच्या काठाला एक सपाट खडक होता, त्यावर दोघं बसली. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अरे..."

कौस्तुभने तो शब्द किती दिवसांनी ऐकला होता.

"अरे, तू तिला पाहिलंस ना? मला कुणी दाखवलीच नाही. मी शुद्धीवर आले तोवर तुम्ही घेऊन गेला होतात. विचारायला गेले की आई रडते, बाबा उठून जातात, वहिनी विषय बदलतात. फोनवर तुला रोज विचारायचं ठरवते आणि सगळ्यांची तोंडं बघून जेवलात का विचारते. कशी होती रे?"

त्याने तिला पाहिलं होतं. सासऱ्यांच्या सोबतीने पुरायला जाताना त्या पोरीला दुपट्यात गुंडाळून त्यानेच हातात धरलं होतं. मानसीला यातलं काही सांगू नका, तिला सोसणार नाही, असं सगळ्यांनी बजावलं होतं, आणि त्याने ते मानलं होतं. तेव्हापासून लोक विचारत तेव्हा तोही बरा आहे म्हणत आला होता. आपलाही काटा कधीचा ऐंशीवर उभा आहे, हे त्याला त्या खडकावर बसल्यावर कळलं.

"केस होते," तो म्हणाला. आवाज फुटला, तरी तो थांबला नाही. "दाट. काळेभोर. कपाळ तुझं, असं रुंद. कान मात्र माझे, बाहेर आलेले."

मानसी रडत होती आणि हसल्यासारखंही करत होती. "आणि?"

"एक मूठ मिटलेली होती. मी उघडून बघितली. नखं इवली इवली, पण पुरती होती."

"आणि?"

"ठेवायच्या आधी मी तिला हाक मारली. आपण ठरवलेल्या नावाने. ओवी म्हणालो. एकदाच."

मानसीने त्याचा हात धरला. "मी रोज हाक मारते," ती म्हणाली. "पहाटे, सगळे उठायच्या आधी."

मग ती विचारत गेली आणि तो सांगत गेला, आणि त्याचं सांगून झाल्यावर ती सांगत गेली. अंधार पडू लागला तरी दोघं तिथेच होती, आणि घरून कोणी बोलवायला आलं नाही.